खाटेला वळसा

रत्नप्रभा घाडीला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकोणीसशे पंच्याऐंशी साली मुलुंड पूर्वेला, खाडीच्या बाजूच्या पालिकेच्या मराठी शाळेत ती पी.टी.ची बाई होती. वय चौतीस, अंगाने काटक, आणि आवाज असा की तिने कवायतीला ‘सावधान’ म्हटलं की फाटकाबाहेरचा बोरं विकणारासुद्धा पाय जुळवायचा. तिचा खेळ खो-खो. लालबागच्या मंडळातून ती सात वर्षं खेळली होती, जिल्ह्याच्या संघापर्यंत पोचली होती. खो-खो सोडून बाकीचे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचे चाळे, असं तिचं स्पष्ट मत होतं आणि ते ती कुणालाही ऐकवायची.

जुलैत एके दिवशी हेडमास्तरांनी, मार्तंड सप्रे यांनी, तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर तीन फुटबॉल पडले होते. तिन्हींत हवा नव्हती.

“हे आलेत, बाई. वरून.”

“कशाला?”

“खेळायला. अजून कशाला येणार?”

“सर, आपल्याकडे मैदान आहे का? अर्ध्या मैदानावर नव्या इमारतीची खडी पडलीय. उरलेल्या अर्ध्यात तळं साचतं. माझ्या मुली खो-खो खेळतात त्या मागच्या पट्टीत, भिंतीला खांदे घासत.”

सप्रे सर माणूस चांगला. फक्त वाईट बातमी सांगायची असली की ते समोरच्याकडे न बघता फायलीची दोरी सोडायचे आणि बांधायचे. आता त्यांनी दोरी सोडली.

“आपल्या भागात पी.टी.च्या जागा जास्त भरतात म्हणे. एक कमी करायचीय. नोव्हेंबरात तिसरी-चौथीच्या मुलांच्या फुटबॉल मॅचेस आहेत. सुपरवायझर इंगळे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. आपल्या टीमने एक मॅच जरी काढली ना, तरी या शाळेला बाईंची गरज आहे असं त्यांना फायलीत लिहिता येईल. नाहीतर बदली.”

“कुठे?”

त्यांनी दोरी बांधली. “ट्रॉम्बे.”

आता ट्रॉम्बे काही परदेशात नाही. गाडी बदलून मानखुर्द, तिथून बस, जायला पावणेदोन तास आणि यायला तेवढेच. नोकरी करणारी माणसं याहून लांब जातात. रत्नप्रभाची अडचण निराळी होती. तिची अडचण दुपारी साडेबारा वाजता सुरू व्हायची आणि एक वाजता संपायची. ती होती तिच्या बाबांचं जेवण.

गुणाजी घाडी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर कामाला होते. एकतीस वर्षं. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच, आणि पुढच्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तोंडात एकच शब्द उरला, “नाय.” चहा हवा असला तरी नाय, नको असला तरी नाय. कुठला नाय कशाचा, हे एकट्या रत्नप्रभाला कळायचं. जेवताना पेज ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायची. म्हातारा मोठा मानी. आपल्या तोंडातून गळतंय हे लेकीशिवाय दुसऱ्या कुणी बघितलेलं त्याला खपायचं नाही. शेजारच्या शकुमावशीने एकदा चमचा पुढे केला, तर गुणाजींनी दात असे आवळले की चमचा वाकायचा बाकी राहिला. दहिसरचा मुलगा काशीराम हौसेने आठ दिवस घेऊन गेला होता. सूनबाई बिचारी चांगली, चार वेळा ताट घेऊन बसायची. पाचव्या दिवशी काशीरामने टॅक्सी करून बाबांना परत आणलं आणि दारातच रडला. चार दिवसांत म्हाताऱ्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं.

म्हणून शाळेपासून तीन मिनिटांवर, मिठागराकडे जाणाऱ्या गल्लीतल्या बैठ्या चाळीत रत्नप्रभा राहत होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली की ती निघायची, पेज भरवायची, तोंड पुसायची आणि एकच्या घंटेला परत. दहिसरचे ते चार दिवस सोडले, तर दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ट्रॉम्बेला गेली की हे संपलं. बाबा दुपारी उपाशी. एक दिवस नाही, रोज.

“काढते मॅच,” ती म्हणाली आणि तिन्ही बॉल काखेत मारून निघाली.

सायकलवाल्याकडे हवा भरून घेतली. तिसरी-चौथीतली अकरा पोरं निवडली, त्यात एक मुलगी. ही जयंती. तिची आई स्टेशनबाहेर भाजी विकायची आणि ही त्या गर्दीतून कढीपत्त्याची जुडी घेऊन गिऱ्हाइकामागे पळायची, त्यामुळे वाट काढणं तिच्या पायातच होतं. तोंडाने मात्र अशी फटकळ की वर्गाच्या बाईंनी तिला खुशीने फुटबॉलला दिली.

“मुलगी कशी चालेल?” सप्रे सर म्हणाले.

“चालायला कशाला, पळायला नेतेय. नियमात ‘मुलगे’ असं कुठे लिहिलंय दाखवा.”

त्यांनी परिपत्रक उलटसुलट वाचलं. ‘विद्यार्थी’ लिहिलं होतं.

पहिल्या दिवशी काय झालं म्हणता? काय व्हायचंय! पोरं बॉलला जोरात लाथ घालायची आणि मग बोंबलत त्याच्यामागे धावायची. बॉल गटारात, अकराच्या अकरा गटाराच्या काठावर. रत्नप्रभा कमरेवर हात ठेवून दहा मिनिटं बघत राहिली. तिला खेळ कळत नव्हता, पण पळणं कळत होतं. पोरं पळतात बॉलच्या मागे, आणि त्यांनी पळायला हवं बॉलच्या सोबत, एवढं तिच्या लक्षात आलं.

“थांबा रे! ए, बस खाली सगळे. खो-खोला बसता तसे. एक इकडे तोंड, एक तिकडे.”

आठ पोरं ओळीत उकिडवी बसली. उरलेल्या तिघांना तिने बॉल दिला. खो-खोत पळणारा गडी बसलेल्यांच्या मधून नागमोडी साखळी घालत जातो, तसंच जायचं, फक्त पायाशी बॉल घेऊन. बॉल बसलेल्याला लागला की तो पोरगा ओरडणार “लागला!” आणि उठून बॉल घेणार. लावणारा त्याच्या जागी खाली. झालं. नियम एवढाच. पोरांना समजवावं लागलं नाही, खो-खो त्यांना येतच होता.

आठवडाभरात पोरांना आपोआप कळलं की बॉल पावलापासून वीतभर लांब गेला की तो आपला राहत नाही. मोठी लाथ बंद झाली. प्रत्येक पावलाला एक टिचकी. कधी बुटाच्या आतल्या बाजूने, कधी बाहेरच्या. बूट कसले, कॅनव्हासचे जोडे, आणि निम्म्यांना तेही नव्हते. आधी चालत, मग दुडक्या चालीने, मग पळत. रत्नप्रभा टाळी वाजवायची, टाळीचा वेग वाढवायची. “एक पाऊल, एक टिचकी! टिचकी चुकली की खाली बस. पळव नको रे त्याला, बरोबर घेऊन जा!”

ऑगस्टात मागची पट्टीही गेली. तिथे सिमेंटची पोती रचली. आता काय करायचं? मधल्या सुट्टीत ती घरी जायला निघाली आणि मागून जयंती बॉल घेऊन आली.

“बाई, आज खेळायचं नाय?”

“कुठे खेळणार, माझ्या डोक्यावर?”

“तुमच्या गल्लीत. तिथे हंडे असतात ना.”

खरंच की. चाळीच्या नळाला पाणी एकला यायचं, म्हणून बारापासून बायका हंडे-कळश्या रांगेत लावून ठेवायच्या. गल्ली रुंद, गाड्या नाहीत. रांगेच्या टोकाला घाड्यांचं दार आणि दारासमोर गुणाजींची खाट, कारण दुपारी आतला पत्रा तापायचा. मुलांना मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर न्यायचं नाही असा शाळेचा नियम होता. रत्नप्रभाला तो पाठ होता, तिनेच तो भिंतीवर लिहिला होता. तिने दोन क्षण विचार केला आणि म्हणाली, “चला. दोनदोनच्या जोडीने. कुणी रस्ता सोडला तर तंगडी मोडीन.”

मग रोज तेच. शाळेच्या मागच्या फाटकातून निघायचं, हंड्यांच्या रांगेतून साखळी घालत जायचं, गुणाजींच्या खाटेला वळसा घालायचा आणि परत. हंड्याला बॉल लागला की ज्याचा हंडा त्याच्या घरी संध्याकाळच्या पाण्याला एक कळशी भरून द्यायची. हा नियम शकुमावशीने लावला आणि पहिले पंधरा दिवस तिची चंगळ झाली. पुढे पोरं हंड्यांना हात लावीनात, म्हणजे पायच लावीनात, तेव्हा ती हंडे मुद्दाम जवळजवळ ठेवायला लागली. “शिकू देत गं पोरं,” म्हणायची. लबाड!

एक खोड मात्र जाईना. पोरं खाली मान घालून पळायची. बॉलकडे बघत, पुढे कोण आहे याचा पत्ता नाही. एकदा नंदू नावाचा पोरगा असाच थेट खाटेवर जाऊन आपटला आणि पेजेची वाटी सांडली. रत्नप्रभा तापली. “डोळे काय बॉलला चिकटवलेत रे? समोर बघ, समोर!”

गुणाजी उशीला टेकून बसले होते. त्यांनी डावा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. का दाखवली, देव जाणे. तिसरी वाटी मागत होते की तिसऱ्यांदा सांडलं म्हणत होते. रत्नप्रभाने मात्र ते पकडलं.

“हां! आजोबा बोटं दाखवतील. पळता पळता ओरडून सांगायचं किती. चुकलं की परत!”

म्हातारा रंगला. पोरगं हंड्यांच्या मध्यावर आलं की बोटं वर. “चार!” पोरगं ओरडायचं. मग गुणाजी लबाडी करायला लागले. चार दाखवायचे आणि शेवटच्या क्षणी एक बोट मिटायचे. “चार... नाय, तीन! आजोबा, चीटिंग!” गुणाजींच्या डाव्या गालावर हसू यायचं. दोन वर्षांत रत्नप्रभाने ते पाहिलं नव्हतं. एका बाजूने पळणारी पोरं, एका बाजूने हसणारा बाप, आणि मध्ये ती चमचा घेऊन बसलेली. ते तीन महिने तिचे फार सुखाचे गेले. ती कुणाला बोलली नाही, पण संध्याकाळी भांडी घासताना गुणगुणायची.

ऑक्टोबर संपेपर्यंत जयंतीचं पळणं बघायला चाळीतल्या बायका दारात यायच्या. सतरा हंडे, पूर्ण वेगात, मान वर, एकाला धक्का नाही. “पाच!” म्हणत खाटेला गर्रकन वळसा, परत सतरा हंडे. झकास! रत्नप्रभाची खात्रीच पटली की मॅच आपलीच.

मॅच भांडुपच्या मैदानावर होती. सात-सात जणांची, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव. इंगळे साहेब, म्हणजे भाऊराव इंगळे, पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसले होते. समोरच्या शाळेची पोरं एकसारख्या पिवळ्या गंज्या घालून आली होती. आपल्यांच्या गंज्या ज्याच्या त्याच्या घरच्या.

शिट्टी झाली. चौथ्या मिनिटाला पिवळ्यांनी एक गोल केला. मग बॉल जयंतीकडे आला.

ती निघाली. पहिला पिवळा चुकवला, दुसरा चुकवला, तिसरा पाय घालायला गेला आणि बसला. मान वर, पावलाला टिचकी, बॉल पायाला शिवून ठेवल्यासारखा. सगळं मैदान ओरडायला लागलं. इंगळे साहेब खुर्चीतून अर्धे उठले. समोर एकटा गोलकीपर. त्याने घाबरून दोन्ही हात वर केले, दहाही बोटं फाकवून.

“दहा!” जयंती ओरडली, गोलच्या खांबाला बॉलसकट झकास वळसा घातला, मागून फिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली आणि तशीच उलटी धावत आपल्या गोलकडे निघाली.

मग जे हसू फुटलं ते विचारू नका. पिवळ्या गंजीतली पोरं पोट धरून बसली. पंच शिट्टी विसरला. रत्नप्रभाने कपाळावर हात मारून घेतला. वाट लागली! तिने पोरांना पळायला शिकवलं, चुकवायला शिकवलं, वर बघायला शिकवलं. पोचल्यावर बॉल आत मारायचा असतो, हे तीन महिन्यांत तिने एकदाही सांगितलं नव्हतं. तिच्या गल्लीत गोल नव्हता. रांगेच्या टोकाला खाट होती.

मधल्या वेळात पोरं भोवती जमली. जयंती रडत नव्हती, चिडली होती. “बाई, हसतात कशाला? एक तरी लागला का मला?”

“नाही लागला. तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं.” तिने जयंतीचे खांदे धरले. “नीट ऐका सगळे. तिथे खाट नाही. वळसा घालायचा नाही. दोन खांबांच्या मध्ये जाळी आहे ना, बॉल त्या जाळीत घालायचा. बोटं कुणी कितीही दाखवू देत.”

“एवढंच?” जयंती म्हणाली. “मग आधी सांगायचं ना!”

दुसऱ्या डावात तिने बॉल जाळीत घातला. एक-एक. मैदान पुन्हा ओरडलं, या वेळी हसत नव्हतं. पण शिट्टीला मिनिट राहिलं असताना समोरच्या शाळेतल्या एका उंच पोराने लांबून लाथ मारली, गोलात उभ्या नंदूच्या डोक्यावरून बॉल गेला आणि आत. दोन-एक. संपली मॅच.

इंगळे साहेब उठून आले. आधी जयंतीसमोर उकिडवे बसले. “काय गं, कुठे शिकलीस? आणि तो वळसा कशाला घातलास?”

“बाईंच्या बाबांच्या खाटेला घालतो ना, तसा. ते बोटं दाखवतात. बाई त्यांना पेज भरवतात तेव्हा आम्ही पळतो.”

“शाळेत खाट आहे?”

“नाय हो. बाईंच्या घरी. मधल्या सुट्टीत.”

झालं. रत्नप्रभा तिथेच उभी होती. तिला काहीतरी बोलून सारवून नेता आलं असतं. तिने ते केलं नाही. “खरंय, साहेब. फाटकाबाहेर नेत होते. तीन महिने.”

इंगळेंनी टोपी काढून डोकं पुसलं. “बाई, पंचवीस वर्षं मी पोरं बघतोय. या वयाचं पोर बॉल घेऊन असं पळताना पाहिलं नाही. पण मॅच हरलात, आणि हे बाहेर नेण्याचं प्रकरण मी ऐकलं नाही एवढंच तुमच्यासाठी करू शकतो. ट्रॉम्बेच्या शाळेला मोठं मैदान आहे. तिथे पी.टी.ला कुणी नाही.”

दहा दिवसांनी ऑर्डर आली. हजर व्हायला सात दिवसांची मुदत होती.

त्या सात दिवसांत तिने सगळं करून बघितलं. बदली रद्द व्हावी म्हणून रोज सकाळी अर्ज घेऊन ऑफिसात खेटे घातले, घरी यायला पाऊण वाजायचा. शकुमावशीला पुन्हा बसवलं. दात आवळले. सकाळीच जास्त भरवून बघितलं. ओकारी झाली. काशीरामला तार करून बोलावलं. तो आला, बाबांचे पाय चेपत बसला आणि म्हणाला, “ताई, तुझ्याशिवाय ते खायचे नाहीत. तू नोकरी सोड, मी आहे.” तो बोलला मनापासून, पण त्याच्या घरात चार तोंडं होती आणि कारखान्यात आठवड्यातून दोन दिवस काम बंद. रात्री बाबांच्या खाटेशी बसून ती त्यांच्यावरच ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. “काय एवढा मान आहे हो तुमचा? गळालं तर गळालं! मी काय करू सांगा ना!” गुणाजी म्हणाले, “नाय.” हा नाय कशाचा, ते तिलाही कळलं नाही. मग तिला स्वतःचीच लाज वाटली.

सहाव्या दिवशी तिने राजीनामा लिहिला. चार ओळींचा. बाराला शाळेत गेली. सप्रे सर वर्गावर होते. ती ऑफिसच्या बाकावर पाकीट घेऊन बसली. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी सर येईनात, कुणी पालक भांडायला आला होता. साडेबारा वाजून गेले, पाऊण झाला. बाबा उपाशी असतील म्हणून ती पाकीट तसंच घेऊन घराकडे पळत सुटली.

गल्लीच्या तोंडाशीच ती थांबली. हंड्यांच्या रांगेतून नंदू बॉल घेऊन येत होता, त्याच्यामागे आणखी चौघं. तिने झाकून ठेवलेली पेजेची वाटी जयंतीच्या हातात होती. ती खाटेवर गुणाजींच्या शेजारी मांडी ठोकून बसली होती.

“आजोबा, किती?” जयंतीने विचारलं.

गुणाजींनी दोन बोटं वर केली.

“दोन!” जयंतीने दोन चमचे भरवले. दुसरा कोपऱ्यातून गळला. तिने तो आपल्या फ्रॉकच्या टोकाने पुसला, नाक पुसावं तसा, आणि बोलणं न थांबवता म्हणाली, “माझा लहान भाऊ तुमच्याहून जास्त सांडतो. किती?”

गुणाजींनी चार दाखवली आणि एक मिटलं.

“तीन! चीटिंग करू नका, मी पण खेळते.”

रत्नप्रभा भिंतीला टेकली. वाटी संपली तेव्हा जयंतीने चमचा चाटून बघितला, रत्नप्रभाकडे बघून तोंड वाकडं केलं. “बाई, मीठ कमी असतं हो तुमच्या पेजेत. म्हणून खात नसतील.”

“तुम्ही कशाला आलात? मी आता तुमची बाई नाही.”

“मग? खाट तर इथेच आहे ना. वळसा कुठे घालायचा?” जयंती म्हणाली. एकची घंटा ऐकू आली तशी सगळी पोरं बॉल घेऊन शाळेकडे उधळली. दारात बसून तांदूळ निवडणारी शकुमावशी म्हणाली, “हे गेल्या चार दिवसांपासून चाललंय. तू सकाळी अर्ज-बिर्ज करायला जातेस आणि उशिरा येतेस ना, ती पोरगी आधीच अर्धी वाटी संपवते. मी वाटी परत भरून झाकते. मला म्हणाली सांगू नका, बाईंना वाईट वाटेल.”

रत्नप्रभा घरात जाऊन तोंडावर पदर घेऊन रडली. आनंदाने म्हणावं तर तसंही नाही. बाबा तिच्याशिवाय जेवू शकत होते, याचं तिला खरोखरच थोडं वाईट वाटलं.

आणि तरी सातव्या दिवशी सकाळी तिचं पाऊल उचलेना. पोरांचं काय, आज येतील, उद्या परीक्षा आली की विसरतील. पाऊस पडला तर? जयंतीला ताप आला तर? पावणेसहा वाजले होते. डबा भरला होता, पर्समध्ये ऑर्डरही होती आणि राजीनाम्याचं पाकीटही. ती गुणाजींकडे पाठ करून खाटेच्या कडेला बसली आणि वाकून सँडलचा पट्टा लावायला लागली. लावता लावता थांबली.

“बाबा, नको जाऊ का?”

लालबागला असताना गुणाजी तिसऱ्या पाळीवरून सकाळी घरी यायचे तेव्हा ती झोपलेली असायची. ते डबा खाली ठेवायचे, तिच्या पाठीत सणसणीत थाप मारायचे आणि मोठ्याने एकच शब्द म्हणायचे. मग ती डोळे चोळत, वेणी न घालता, मंडळाच्या मैदानाकडे पळायची. सात वर्षं तिला दुसऱ्या कुणी उठवलं नव्हतं.

पाठीत थाप बसली. डाव्या हाताची, तिरकी, पण चांगली जोरात.

“खो,” गुणाजी म्हणाले.

स्पष्ट. ‘नाय’ नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच वेगळा शब्द.

खो मिळाल्यावर मागे वळता येत नाही, हे ती पोरांना रोज ओरडून सांगायची. ती उठली. डोळे भरले होते, समोरचं नीट दिसत नव्हतं, पण नळापाशी शकुमावशीने लवकर लावून ठेवलेल्या दोन हंड्यांना धक्का न लावता ती गल्लीतून बाहेर पडली. स्टेशनच्या पुलावर चढल्यावर तिच्या लक्षात आलं की एका सँडलचा पट्टा लावायचाच राहिलाय.